दोन हात

ओलं फडकं लावू नका ताई,
खाजामियाँ पहिल्याच दिवशी बोलला.
काजळी ओली झाली की भिंतीत मुरते,
मग बापजन्मी निघत नाही.
आधी कोरडा ब्रश. वरून खाली. हलका.
मी म्हटलं, ओलं करायला पाणी आहे कुठं?
जिंतूरला नळ आठव्या दिवशी येतो
आणि आज तिसरा.

तेच तर झालं होतं.
कूलरमध्ये पाणी नव्हतं. नुसता वारा तरी लागेल म्हणून
कोरडाच चालवला रात्रभर.
मोटर तापली, जाळीतल्या गवतानं पेट घेतला,
मग पडदा, गोधड्या, शिलाई मशीन,
लोकांचे शिवायला आलेले अकरा ब्लाउजपीस.
विझवलं ते पिण्याच्या पाण्यानं.
गल्लीतल्या बाया घागरी घेऊन धावल्या,
आपण काय ओततोय
हे एकेकीला ठाऊक होतं.

तलाठ्यानं पंचनामा केला:
कूलर एक, पलंग एक, मशीन एक, कपडे अंदाजे.
धुराचा रकाना त्याच्या कागदावर नव्हता.
धूर मात्र सगळीकडे जाऊन आलेला,
बंद ट्रंकेत, हळदीच्या डब्यात,
देवाच्या फोटोच्या काचेमागं.
एरवी न दिसणारी जळमटं
काळ्या दोऱ्यांसारखी लोंबत होती छताला,
किती दिवस झाडलं नव्हतं ते
आख्ख्या गल्लीला कळलं.
ज्वारी उन्हात घातली, पाखडली, दळून आणली.
भाकरीला वास आलाच.
विश्वंभर काही न बोलता
रोजच्यापेक्षा अर्धी जास्तच जेवला.

मधल्या भिंतीशी खाजामियाँचा ब्रश थांबला.
ताई, हे बघा.

काजळीत बोटं उमटलेली.
कपाटापासून दारापर्यंत
एक पंजा, मग दुसरा,
मग खाली घसरत गेलेला एक,
मग पुन्हा वर.
कडीपाशी सगळंच फराटलेलं.

मी माझा हात लावून पाहिला.
माझा मोठा पडला.

त्या रात्री मी धाकट्याला उचललं.
कल्याणीला विश्वंभरनं, असं मला वाटलं.
त्याला वाटलं, मी.
बाहेर आलो तर ती ओट्यावर उभी,
दोन्ही हात पाठीमागं धरून.
मी ओरडले होते,
कुठं माखून आलीस गं एवढी?
हे मला आत्ता आठवलं,
भिंतीवर हात असताना.

शाळेतून आली तेव्हा तिला काही विचारलं नाही.
तिनंच पाहिलं आणि म्हणाली,
पुसा की, घाण दिसतंय.
मग दप्तर काढता काढता,
कडी हाताला येत नव्हती, मी उडी मारली.
मग म्हणाली, भूक लागली.

खाजामियाँनं चपडा लाख
स्पिरिटमध्ये भिजत घातली होती.
नुसता चुना चालत नाही, म्हणाला,
एका पावसात धूर पिवळा होऊन वर येतो.
आधी लाख, मग रंगाचे दोन हात.
तेवढा पट्टा सोडू का ताई?

विश्वंभर भिंतीकडं पाहत राहिला,
मग पाठ वळवून उगाच
कूलरचा जळका सांगाडा उचलून बाहेर ठेवायला गेला.
तो सांगाडा आदल्याच दिवशी भंगारवाल्यानं नेला होता.

तेवढा पट्टा मी झाडला.
कोरडा. वरून खाली. हलका.
एकेक बोट.

आठव्या दिवशी नळ आला, पहाटे साडेतीनला.
फरशी धुतली, उंबरा धुतला,
ज्यांनी घागरी ओतल्या त्यांची भांडी आधी भरून दिली.
पहिल्या हातात भिंत ढगाळ दिसली,
दुसऱ्यात बरी.
वास अजून आहे,
दार बंद ठेवलं की येतो.

सुताराला बोलावून कडी वीतभर खाली घेतली.
मग म्हटलं, अजून चार बोटं घे, धाकटाही आहे.
जुन्या भोकांत खाजामियाँनं लांबी भरली,
अंगठ्यानं दाबून,
आणि अंगठा पायजम्याला पुसला.